जिंकायचं नसतं, तरी सुई का? सायकल शर्यतीतल्या गड्याची गोष्ट

पुण्यात जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि आमच्या रविवारच्या सायकलवाल्या पोरांना मोठ्या शर्यतींचं वेड लागलं. आमचा नेम साधा आहे. पहाटे बेळगावातून निघायचं, खानापूर गाठायचं, परतताना टपरीवर चहा घ्यायचा. आता त्या चहाबरोबर मोबाइलवर युरोपातल्या शर्यतींचे व्हिडिओ आले. मी शाळेत पीटी शिकवतो, त्यामुळे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात.

एका रविवारी डोपिंगचा विषय निघाला. डोपिंग म्हणजे बंदी असलेलं औषध किंवा उपाय वापरून शरीराची ताकद, दम किंवा सोसण्याची क्षमता वाढवणं. मी सांगत होतो की सायकलिंगमध्ये असं करणाऱ्यांत कधीच पहिला न आलेले, बाहेर कुणाला नावही ठाऊक नसलेले खेळाडू खूप होते. तेव्हा दहावीतला एक पोरगा, सायकलिंगच्या हॉस्टेलसाठी निवड चाचणीची तयारी करणारा, कप खाली ठेवून म्हणाला, "सर, त्याला जिंकायचंच नसतंय म्हणतासा, मग तो औषध कशाला घेईल ओ?"

मी तिथं अर्धवट उत्तर दिलं. पूर्ण उत्तराला चहाचा एक कप पुरत नाही, म्हणून हे लिहितोय.

ट्रॅक्टरमागची सायकल

गळीत हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. भरलेल्या ट्रॉलीच्या मागं सायकल लावून शाळेतून घरी येणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. हे करू नका. ऊस अंगावर पडतो, ट्रॅक्टरनं ब्रेक दाबला तर वाचायला जागा नसते, आणि मी शाळेत यावरून खूप रागावतो. पण पोरं तसं का करतात ते बघा. ट्रॉलीमागं वारा लागत नाही, पायडल फुकट फिरल्यासारखं वाटतं.

सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या पुढं गेलं की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो. एका माणसाच्या अगदी मागं राहिलं तरी कष्ट जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होतात. घोळक्याच्या पोटात शिरलं तर त्याहून कितीतरी जास्त. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात बेर्ट ब्लोकेन यांच्या गटानं २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. आत मध्यावर असलेल्या स्वाराला लागणारा हवेचा अडथळा एकट्यानं चालवताना लागतो त्याच्या जेमतेम पाच ते दहा टक्के भरला.

म्हणजे ज्याला शेवटच्या चढावर जिंकायचंय, त्यानं आधीचे दीडशे किलोमीटर कुणाच्या तरी मागं लपून काढायला हवेत. आणि लपायचं म्हटलं की पुढं राहून वारा खाणारा माणूस लागतोच. हा खेळ दिसायला एकट्याचा आहे, पण त्याची सगळी बांधणी या वाऱ्याच्या हिशोबावर झालेली आहे.

सालगडी

टूर दी फ्रान्स ही सगळ्यांत मोठी शर्यत. १९०३ साली सुरू झाली. आज ती २३ दिवस चालते, त्यात २१ टप्पे असतात, आणि अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर जातं. प्रत्येक संघात आठ जण. त्यांतला एक, फार तर दोघे, जिंकण्यासाठी आलेले असतात. त्याला आपण म्होरक्या म्हणू. बाकीचे त्याच्यासाठी.

या बाकीच्यांना फ्रेंचमध्ये 'डोमेस्टिक' म्हणतात. अर्थ सरळ आहे, घरगडी. १९११ मध्ये टूरचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी दुसऱ्यांना मदत करणाऱ्या मोरिस ब्रोको नावाच्या स्वाराला हिणवायला हा शब्द वापरला. पुढं त्यातला अपमान गेला आणि हुद्दा राहिला. आपल्या मराठीत 'गडी' हा शब्द दोन्हीकडं चालतो. कबड्डीत चढाई करणारा गडी, आणि शेतावर राबणाराही गडी. इथून पुढं मी हाच शब्द वापरतो, कारण या माणसात ते दोघेही आहेत.

गड्याची कामं ऐका. वाऱ्यात पुढं राहायचं. मागं संघाच्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबायच्या आणि घोळका गाठून सगळ्यांना वाटायच्या. म्होरक्याचं चाक पंक्चर झालं की आपलं काढून द्यायचं. १९३४ मध्ये रने व्हिएतो नावाच्या वीस वर्षांच्या पोरानं पिरेनीज डोंगरात आपलं पुढचं चाक अंतोनँ मान्य या म्होरक्याला दिलं आणि दगडी कठड्यावर बसून रडला. दुसऱ्या दिवशी मान्यची सायकल पुन्हा बिघडली, तेव्हा व्हिएतो उलटा फिरून चढ चढला आणि सायकल देऊन आला. मान्यनं ती टूर जिंकली. फ्रान्समध्ये रडणाऱ्या पोराचा फोटो आजही लोकांना आठवतो.

आपल्याकडं आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान भरतं, तेव्हा टाळ्या लढणाऱ्या मल्लाला पडतात. महिनोन् महिने तालमीत त्याच्याशी लढून त्याला तयार करणारी पोरं गर्दीत उभी असतात. त्यांतलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की सायकलमधल्या गड्याची ती पगारी नोकरी आहे.

आणि नोकरी कशी? सालगड्याचा करार पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला मालक ठेवतो की नाही हे मालकावर. सायकलमधल्या गड्याचा करारही साधारण वर्षा-दोन वर्षांचा असतो. जिंकणाऱ्याकडं दाखवायला ट्रॉफी असते. गड्याचं काम निकालाच्या यादीत उमटतच नाही. यादीत त्याचं नाव शंभराव्या क्रमांकाच्या आसपास कुठं तरी असतं. त्यानं किती वारा खाल्ला हे जाणणारी माणसं दोनच, संघाचा व्यवस्थापक आणि म्होरक्या. पुढच्या वर्षीची भाकरी या दोघांच्या हातात. वर रिवाज असा की टूर जिंकणाऱ्याला मिळणारे पाच लाख युरो तो एकटा ठेवत नाही, सहकाऱ्यांत आणि मदतनिसांत वाटून टाकतो. म्हणजे म्होरक्या जिंकला तर गड्याच्या घरीही चार पैसे येतात.

अंगावर काढणं

औषधं या खेळात अलीकडं आलेली नाहीत. १९२४ मध्ये आल्बेर लोंद्र या पत्रकाराला आंरी पेलिसिए, त्याचा भाऊ आणि एक सहकारी अशा तिघांनी शर्यत अर्ध्यावर सोडल्यावर एका कॅफेत आपल्या पिशव्या उघडून दाखवल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, आणि वर गोळ्यांच्या डब्या. पेलिसिए आदल्या वर्षीचा विजेता होता. तेव्हा हे लपवण्याजोगं वाटतही नव्हतं. हाल होतात, हालांवर औषध घेतो, एवढीच भावना होती.

सलग तीन आठवडे रोज चार-पाच तास सायकल मारल्यावर शरीर झिजतं. पडून खरचटलेल्या अंगानं दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते, तिच्या बाहेर गेला तो बाद. सगळ्यांत मागून एक गाडी येते, सोडून देणाऱ्यांना गोळा करत. तिला झाडूगाडीच म्हणतात. म्होरक्या एखाद्या टप्प्यावर मागं लपून अंग राखू शकतो. गड्याला ती मुभा नाही, कारण म्होरक्या लपणार तो त्याच्याच मागं.

१३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्पसन हा इंग्लिश स्वार माँ व्हाँतू डोंगराच्या उन्हात सायकलवरून कोसळला आणि वारला. वय २९. अंगात अ‍ॅम्फेटामिन सापडलं, म्हणजे थकव्याची जाणीवच मारून टाकणारं उत्तेजक. थकवा हा शरीराचा पहारेकरी असतो. त्यालाच गप्प केल्यावर आत काय जळतंय ते कळायला मार्ग राहत नाही.

रक्तातल्या ट्रॉल्या

१९९० च्या दशकात मात्र खेळ पार बदलला, आणि इथं थोडं शास्त्र लागेल.

आपले स्नायू म्हणजे साखर कारखाना धरा. ऊस म्हणजे ऑक्सिजन. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी. कारखान्याची गाळपक्षमता भरपूर आहे, पण ट्रॉल्या कमी पडल्या तर कारखाना अर्धाच चालतो. लांब पल्ल्याच्या खेळात नेमकं हेच होतं. पायात ताकद असते, पण ऑक्सिजन पोचत नाही आणि दम तुटतो.

आपलं मूत्रपिंड ईपीओ नावाचं एक संप्रेरक बनवतं. ते हाडांच्या मगजाला निरोप धाडतं, आणखी ट्रॉल्या बनव. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत हा निरोप जात नाही आणि रक्त कमी होतं, म्हणून १९८० च्या दशकाच्या शेवटी ईपीओ औषध म्हणून बाजारात आलं. आपल्याकडंही डायलिसिसवर असलेल्या अनेकांना हे इंजेक्शन देतात, आणि त्यांच्यासाठी ते वरदान आहे. धडधाकट सायकलपटूनं घेतलं की ट्रॉल्या गरजेपेक्षा जास्त होतात. चढावर तो आधी सुटत होता त्या जागी आता सुटत नाही.

पण रस्ता तेवढाच रुंद असतो. कारखान्याच्या गेटवर ट्रॉल्यांची गर्दी झाली की काय होतं ते आपण दर वर्षी बघतो. रक्त घट्ट होतं, गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हृदयावर भार येतो, त्यातून रात्री झोपेत नाडी मंद असताना तर जास्तच.

त्या काळी ईपीओ पकडणारी चाचणी नव्हती. ती २००० साली आली. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं १९९७ मध्ये एक वेगळीच रेघ आखली. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं तर खेळाडूनं पंधरा दिवस घरी बसायचं. हेतू तब्येतीचा होता. संघांनी त्याचा अर्थ असा लावला की ४९ पर्यंत भरायला हरकत नाही.

आता पोराच्या प्रश्नाचं उत्तर

गड्याचं काम काय, तर मोठ्या चढाच्या पहिल्या काही किलोमीटरवर म्होरक्याला पुढं ओढून न्यायचं आणि मग बाजूला व्हायचं. ज्या वर्षी आजूबाजूच्या संघांनी ईपीओ सुरू केलं, त्या वर्षी सगळ्या घोळक्याचाच वेग वाढला. गडी तोच, पाय तेच, सराव तोच. पण आता तो चढाच्या पायथ्यालाच सुटायला लागला. काम सुरू व्हायच्या आधीच तो कामाच्या जागेवर नाही. शेजारच्या शेतात ट्रॅक्टर आला आणि मालक आपल्या गड्याला म्हणाला, तेवढीच नांगरट तू बैलावर संध्याकाळपर्यंत उरक, तसं हे झालं.

म्हणून तो सुई घेतो. पहिला येण्यासाठी नाही. पन्नासावा असताना उपयोगी राहावा म्हणून, करार टिकावा म्हणून. म्होरक्याच्या मनात हाव असते असं आपण म्हणतो. गड्याच्या मनात बहुतेक वेळा भीती असते, आणि माझ्या मते भीती हावेपेक्षा जास्त माणसं वाकवते.

हा दाब प्रत्यक्षात कसा येतो, हे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं ऑक्टोबर २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगच्या प्रकरणात जे हजारावर पानांचं दप्तर उघडलं त्यात दिसतं. २६ जणांच्या साक्षी, त्यांतले ११ त्याच्याच संघात राहिलेले. आर्मस्ट्राँगनं १९९९ ते २००५ अशा सलग सात टूर जिंकल्या होत्या. त्या सातही गेल्या, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्यानं टीव्हीवर कबुली दिली. जगानं ही एका खोटारड्या चॅम्पियनची गोष्ट म्हणून वाचली. मला त्यातल्या गड्यांच्या साक्षी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

डेव्हिड झॅब्रिस्कीचे वडील नशेपायी गेले होते. त्या घरातून सुटायला पोरगा सायकलवर बसला, आणि वडिलांच्या वाटेनं कधी जायचं नाही असं त्यानं ठरवलेलं होतं. २००३ मध्ये स्पेनमधल्या गिरोना गावात संघाचे व्यवस्थापक योहान ब्रुनील आणि डॉक्टर देल मोराल यांनी त्याला बोलावून ईपीओचा विषय काढला. त्यानं प्रश्न विचारले. मला पुढं मुलं होतील ना, शरीरात काही बदल होतील का. उत्तराचा रोख असा होता की सगळेच घेतात. त्या दिवशी त्यानं घेतलं आणि नंतर घरी येऊन तो कोसळला, असं त्यानंच साक्षीत सांगितलं. कुणी हात पिरगळला नाही. चोवीस वर्षांचं पोर परक्या गावात होतं, समोर नोकरी देणारा माणूस आणि शेजारी डॉक्टर होता. त्या टेबलावर 'नको' म्हणायला जे बळ लागतं त्याची कल्पना करून बघा.

क्रिस्टियन व्हान्डे व्हेल्डे या दुसऱ्या गड्याला २००२ मध्ये स्पष्टच सांगितलं गेलं. संघात राहायचं असेल तर आर्मस्ट्राँगचे इटालियन डॉक्टर फेरारी यांनी आखून दिलेला औषधांचा कार्यक्रम तंतोतंत पाळायचा. त्यानं पाळला.

माल वाहणारी माणसंही अशीच खालची. ८ जुलै १९९८ रोजी, टूरच्या तोंडावर, फ्रान्स-बेल्जियम सरहद्दीवर फेस्टिना संघाची गाडी अडवली तेव्हा आत दोनशेहून जास्त ईपीओच्या कुप्या आणि इतर औषधं निघाली. चालवत होता विली व्हूट, संघाचा मालिशवाला. आपण सरहद्दीवरचे लोक, नाक्यावर कुणाची गाडी अडते आणि माल कुणाचा असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

नको म्हणणाऱ्यांचं काय झालं?

स्कॉट मर्सिअर १९९७ मध्ये यूएस पोस्टल संघात होता, म्हणजे आर्मस्ट्राँग पुढं ज्या संघात आला त्याच संघात. संघाच्या डॉक्टरनं त्याच्या हातात गोळ्यांची पिशवी आणि वेळापत्रक दिलं. त्यानं त्या वर्षाअखेर सायकलिंगच सोडलं.

क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच गडी फेस्टिना संघातला. सगळं बाहेर आल्यावर पकडल्या गेलेल्या सहकाऱ्यांनीच सांगितलं की आमच्यात न घेणारा होता तो हा. पुढच्या वर्षी, १९९९ च्या टूरमध्ये, तो वर्तमानपत्रात लिहायचा की हा वेग खरा वाटत नाही. सहकारी त्याच्याशी बोलेनासे झाले. आल्प द्यूएझच्या टप्प्यावर पिवळ्या जर्सीतला, म्हणजे शर्यतीत सगळ्यांच्या पुढं असलेला, आर्मस्ट्राँग त्याच्याजवळ सायकल आणून म्हणाला की तुझ्या बोलण्यानं खेळाचं नुकसान होतंय, तू निघून गेलेलं बरं. काही दिवसांत त्यानं शर्यत सोडली, दोन वर्षांत खेळ सोडला. नंतर फ्रान्सच्या क्रीडा खात्यात डोपिंगविरुद्धच्या कामाला लागला.

२००४ मध्ये फिलिप्पो सिमेओनी या इटालियन गड्याच्या बाबतीत तर सगळं जगासमोर घडलं. त्यानं डॉक्टर फेरारींविरुद्ध साक्ष दिली होती. टूरच्या अठराव्या टप्प्यावर तो काही जणांबरोबर पुढं निसटला, तर पिवळी जर्सी घातलेला म्होरक्या स्वतः त्याच्या पाठलागावर गेला. टूर जिंकण्याशी त्या पाठलागाचा काडीचा संबंध नव्हता. पुढं निसटलेल्यांनीच सिमेओनीला सांगितलं की तू मागं फिर, तू आहेस तोवर आम्हाला कुणी जाऊ देणार नाही. घोळक्यात परतल्यावर आर्मस्ट्राँगनं कॅमेऱ्यासमोर ओठांवरून बोट ओढून तोंड शिवल्याची खूण केली.

गावात वाळीत टाकणं म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रसंग समजायला अवघड नाही. ते बघून घोळक्यातल्या दीडशे गड्यांनी काय शिकायचं ते शिकून घेतलं असणार.

"मग सगळ्यांनाच परवानगी देऊन टाका ना"

हा मुद्दा टपरीवर हटकून निघतो. सगळेच घेणार असतील तर लढत बरोबरीची होईल.

होत नाही. पन्नासची रेघच धरा. एकाच्या रक्तात जन्मतः तांबड्या पेशी ४१ टक्के, दुसऱ्याच्या ४८. रेघेपर्यंत भरायची सूट मिळाली की पहिला नऊ अंक वर चढणार आणि दुसरा दोनच. सरावानं चांगला झालेला स्वार मागं पडेल आणि औषध ज्याच्या अंगाला जास्त लागतं तो पुढं जाईल. मग ज्याच्याकडं पैसा त्याच्याकडं हुशार डॉक्टर. रेघ काढूनच टाकली तर किती घ्यायचं याला तळ उरत नाही.

आणि गड्याचा विचार करा. आज त्याच्या हातात एकच ढाल आहे, 'याला बंदी आहे' हे वाक्य. परवानगी दिली की तीही गेली. मग सुई घेणं हा कामाचाच भाग होईल, बाटल्या आणण्यासारखा.

"पण घेणारा तोच ना?"

हे खरं आहे, आणि मी ते टाळणार नाही. नियम सांगतो की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, का दिलं हे नंतर. नियम कडक आहे, पण त्याशिवाय प्रत्येक जण 'मला ठाऊक नव्हतं' म्हणून सुटेल. मर्सिअर आणि बासों यांनी किंमत मोजून 'नको' म्हटलं, तेव्हा दुसऱ्यांना पर्यायच नव्हता असं म्हणणं हा त्या दोघांवर अन्याय होईल. झॅब्रिस्की, व्हान्डे व्हेल्डे यांनीही स्वतःची चूक मान्य केली आणि सहा महिन्यांची बंदी भोगली. ती फार हलकी होती असं म्हणणारे आहेत. साक्षी देऊन त्यांनी सगळी यंत्रणा उघडी पाडली, त्याची ती सवलत होती.

मला खटकतं ते दुसऱ्या बाजूचं. पकडला जातो, फोटो छापून येतो, तो खेळाडूचा. ब्रुनील यांना दहा वर्षांची बंदी झाली २०१४ मध्ये, आणि ती आजन्म झाली २०१८ मध्ये. टेबलाच्या पलीकडं बसलेल्या माणसापर्यंत पोचायला इतका काळ लागतो.

आता थांबलंय का?

बरंच बदललंय. २००८ पासून प्रत्येक खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षं नोंद ठेवतात. तिला जैविक पासपोर्ट म्हणतात. नमुन्यात औषधच सापडलं पाहिजे असं आता नाही. दूध संघात एखाद्याच्या म्हशीच्या दुधाची फॅट अचानक उडी मारते तेव्हा जसा संशय येतो, तसा इथं स्वतःच्याच जुन्या नोंदींवरून येतो. वरच्या दर्जाच्या खेळाडूंना रोज एक तास आपण कुठं असू हे आधी कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर तोही गुन्हा. २०११ मध्ये सायकलिंगनं उपचाराच्या कारणाशिवाय सुई टोचण्यावरच बंदी घातली.

तरी फटी शोधणं चालूच असतं. २०१५ मध्ये सायकलिंगच्या स्वतंत्र चौकशी आयोगासमोर एका जाणकारानं अजून ९० टक्के स्वार काहीतरी घेतात असं सांगितलं, दुसऱ्यानं २० टक्के. दोन्ही अंदाजच, पण आतल्या लोकांतही किती अविश्वास होता ते यातून कळतं. ट्रामाडॉल हे तीव्र वेदनाशामक कितीतरी वर्षं उघड चालायचं. सायकलिंगनं ते मार्च २०१९ मध्ये बंद केलं, सगळ्या खेळांत ते जानेवारी २०२४ पासून बंद झालं. दुखणं दाबून पुन्हा वाऱ्यात उभं राहण्याची गरज सगळ्यांत जास्त कुणाला असते, हे आता सांगायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये कार्बन मोनॉक्साइड पुन्हा पुन्हा हुंगण्यावर बंदी आली. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांचा जीव घेणारा वायू तोच. तो थोडा थोडा हुंगून शरीराला जास्त ट्रॉल्या बनवायला लावता येतात, म्हणून.

आपल्या अंगणात

हे सगळं युरोपातलं म्हणून सोडून देता आलं असतं तर बरं झालं असतं. पण जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकड्यांत, पाच हजारांहून जास्त चाचण्या घेणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचं प्रमाण सगळ्यांत जास्त भारताचं होतं. ५,६०६ नमुन्यांत ३.८ टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तपासणीचं पथक आल्याची बातमी फुटली आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उभा राहिला. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात सुया सापडल्या.

ही पोरं करोडपती व्हायला निघालेली नव्हती. आपल्याकडं पदकाचा अर्थ रेल्वेत, पोलिसात, सैन्यात खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. घरात दोन एकर कोरडवाहू, बहिणीचं लग्न व्हायचंय, आणि एक चाचणी पार केली की आयुष्य मार्गी लागणार. त्या गड्याची भीती आणि या पोरांची भीती एकाच जातीची आहे. विजापूर, बागलकोट, आपल्या रामदुर्ग तालुक्यातलं चंदरगी, हा सगळा पट्टा सायकलपटू घडवणारा आहे, आणि आपल्या खानापूर-बेळगावच्या तालमींतून मल्ल घडतात. पश्चिम महाराष्ट्रात मेफेंटरमिनची इंजेक्शनं जिममधल्या पोरांना चोरून विकताना पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्या. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरायला ऑपरेशनच्या टेबलावर वापरायचं ते औषध. तिथून इथं यायला किती वेळ लागतो?

मैदानापासून दूर बसलेल्यांना वाटतं की हे पोरांना समजावलं की झालं. समजावणं हवंच. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे नाडानं, 'नो युवर मेडिसिन' (Know Your Medicine) नावाचं अ‍ॅप केलंय. त्यात औषधाचं नाव घातलं की बंदी आहे की नाही ते कळतं. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतही बंदी असलेले घटक असतात, म्हणून प्रत्येक पोराच्या आणि आईबापाच्या फोनमध्ये ते असावं. पण झॅब्रिस्कीला माहिती नव्हती म्हणून त्यानं घेतलं नव्हतं. त्याच्या बाजूनं त्या टेबलावर कुणी बसलेलं नव्हतं. आम्ही शिक्षक, वस्ताद, कोच यांनी निकाल मागताना ही खुर्ची कोण भरणार हे ठरवलं पाहिजे.

तो प्रश्न विचारणारा पोरगा महिन्याभरानं शाळा सुटल्यावर माझ्याकडं आला. दप्तरात पावडरचा एक डबा होता. जिममधल्या एका ओळखीच्यानं दिला होता, आधी घे, पैसे नंतर दे, निवड चाचणीपर्यंत फरक दिसेल म्हणून. आम्ही डबा फिरवून फिरवून बघितला. आत काय आहे त्याची यादी कुठंच नव्हती, बनवणाऱ्याचा पत्ताही नव्हता. अ‍ॅपमध्ये काय टाकून बघणार?

"परत देऊन ये," मी म्हणालो.

तो उठला नाही. "सर, एकटाच जाऊन देऊ व्हय? ते सगळी तिथंच बसलेली असतात ओ."

मी स्टाफरूममधून सायकलची किल्ली घेतली आणि आम्ही दोघं निघालो.